राजाची उडी

पहिली साइट.

नगरच्या सायबर कॅफेत शुभांगीने बुद्धिबळाचा पट उघडला आणि माउस पप्पांच्या हाती दिला. सोमवारी ती नोकरीसाठी बंगळूरला निघणार होती. दोघांचा संध्याकाळचा डाव आता इंटरनेटवरच व्हायचा होता.

पप्पांनी राजाला घोड्यासारखं अडीच घरं उडवलं. राजा परत जागेवर आला.

"आजारी हाय का ह्यो?"

"पप्पा, राजाची उडी आपल्या भिंगारात चालते. बाहेर कुणी नाही मारत."

दुसरी साइट. इथे घड्याळ नव्हतं आणि पटाशेजारी निरोप लिहायला एक चौकट होती. राजा मात्र इथेही उडेना.

"डावात एकदाच मारायची उडी. माझ्या आज्यानं शिकवलेली. तीबी न्हाई म्हनत्यात." पप्पा उठले. "तू खेळ तिकडच्या लोकांशी. मला न्हाई जमायचं."

शुभांगीने त्यांना हाताला धरून परत बसवलं. "ही दुसरीच घेऊ."

"हितंबी उडत न्हाई की."

"उडेल."

आता दर रविवारी पप्पा पिशवीतून लाकडी पट काढून कीबोर्डशेजारी मांडतात. तिकडे बंगळूरच्या कॅफेत शुभांगीही तसाच एक मांडते. मग चौकटीत, इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने पप्पा लिहितात : राजा उडाला. जेवलीस का?

पडद्यावरचं एकही प्यादं अजून जागचं हललेलं नाही.