आईच्या डोक्यात काय शिरलं

"आईला वेड लागलंय असं अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलास, तिला एकदा डॉक्टरकडे न्यावं एवढं नाही सुचलं?"

हॉस्पिटलच्या बाकावरच लेकीने थोरल्या भावाला फैलावर घेतलं. शेजारी आई भिंतीकडे बघत कुणाशी तरी बोलत होती. टेलिफोन ऑपरेटर म्हणून उभी हयात काढलेली बाई; गावभरचे नंबर तिला तोंडपाठ होते. आज समोरची लेक तिला ओळखू येत नव्हती.

"वय झालंय तिचं," दादा बाजूला उभ्या वहिनीकडे बघत पुटपुटला. "कपडे ओले करते. हिच्या अंगावर धावून जाते. आम्ही एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

"वृद्धाश्रम?" लेक ताडकन उठली.

डॉक्टरीणबाईंनी भांडणाकडे काणाडोळा केला. आईचं अंग तापलं होतं. ओटीपोटावर हात ठेवताच ती कळवळली. त्यांनी तिला दाखल करून घेतलं आणि लघवी तपासायला पाठवली.

"हे वेड नाही," रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या. "लघवीत पू आहे, जंतू आहेत. उतारवयात जळजळ काही वेळा जाणवतच नाही, एकदम असा भ्रम होतो. जंतू नेमका कोणता ते कल्चरमध्ये कळेल, पण औषध आजच सुरू करू."

लेकीने तो रिपोर्ट दादाच्या डोळ्यांपुढे नाचवला. बाटलीभर लघवी तपासायचा कंटाळा, आणि निघाले आईला घराबाहेर काढायला!

औषध लागू पडलं. ताप उतरला, बोलणं ताळ्यावर आलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तर आईच म्हणाली, "बसा ना, उभ्या का?"

"आजी, पाणी किती पिता?"

"गोळ्या गिळण्यापुरतं."

"आणि लघवी लागली की?"

"धरून ठेवते."

"मग जंतूंचं फावणारच."

लेक पुन्हा पेटली. "ऐकलंस दादा? तुमच्या घरात तिला पाणी प्यायचीसुद्धा चोरी! कोण बोललं गं तुला, आई? नाव सांग. आज सोक्षमोक्षच लावते."

आईने तिचा हात हातात घेतला. आवाजात राग नव्हता.

"तूच गं. सुट्टीला आली होतीस तेव्हा म्हणालीस, 'आई, सारखी काय उठतेस? सगळ्यांची झोपमोड होते. जरा पाणी कमी पी.'"