दहावं रीळ

“सिनेमा कधी विकत घ्यायचा नसतो. सिनेमा म्हणजे नदी. ती वाहू द्यायची असते!” ऑपरेटरने सोफ्यावरून जाहीर केलं आणि ‘भाड्याने घ्या’ म्हणून जे बटण दाबलं, ते ‘विकत घ्या’चं निघालं.

पैसे जावयाच्या खात्यातून गेले, त्यामुळे दुःख आटोक्यात राहिलं. इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी काडेपेटीएवढी डबी लेकीनेच आणून टीव्हीमागे जोडली होती. रिमोट मात्र पहिल्या दिवसापासून ऑपरेटरच्या मुठीत होता. बत्तीस वर्षं त्याने थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवला होता. निवृत्त झाला तरी सगळे त्याला ऑपरेटरच म्हणत. घरात पडदा आल्यावर यंत्र कोणाच्या ताब्यात असणार, हा प्रश्नच नव्हता. बायकोला आवाज वाढवून हवा असला तरी अर्ज करावा लागे.

“बरं झालं विकत घेतलात,” बायको म्हणाली. “दोन दिवसांची घाई नाही. मला तो सीन दहादा बघायचाय.”

“नसलेला सीन दहादा बघ, नाहीतर शंभरदा बघ.”

हे भांडण एकेचाळीस वर्षांचं होतं. तेव्हा ती त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसायची. ऑपरेटरने तिला मागणी घातली होती. तिच्या आईला ऑपरेटर, त्याचा पगार आणि त्याची मिशी यांपैकी काहीच पसंत नव्हतं. त्या शुक्रवारी हा सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. नायिका लग्नासाठी घरातून पळते, बसथांब्यावर येते आणि तिथून परत फिरते. आईसमोर उभी राहून सगळं सांगते. आई एक शब्द बोलत नाही. नुसती उठते आणि मुलीची बॅग उचलून दारापर्यंत आणून ठेवते.

“मीही आईला सांगणार,” तिने डोळे पुसत ऑपरेटरला सांगितलं. “गुरुवारी पुन्हा एकदा बघते, मन घट्ट करते आणि जाते. मग ती म्हणेल तसं.”

गुरुवारी तिने पाहिलं. नायिका बसथांब्यावर आली आणि पुढच्याच क्षणी तिचं लग्न लागत होतं. आई पहिल्या रांगेत हसत बसलेली. कोणी तिला सांगितलं नव्हतं, कोणी समजूत घातली नव्हती. आपण होऊन आली होती.

“मधला सीन कुठे गेला?”

“असा सीनच नाही,” ऑपरेटर तेव्हा म्हणाला होता. “त्या दिवशी रडत होतीस. डोळ्यांत पाणी असलं की माणसाला काहीही दिसतं.”

डोअरकीपरला विचारावं, तर त्याने आख्ख्या नोकरीत एकही सिनेमा जागेपणी पाहिलेला नव्हता. तिने विश्वास ठेवला. आया आपण होऊन येतात, हे तर पडद्यावरच दिसत होतं. त्याच संध्याकाळी ती ‘हो’ म्हणाली आणि आईला न सांगताच लग्न केलं. आई पहिल्या रांगेत आली नाही. शेवटच्या रांगेतही नाही. पुढे अकरा वर्षं तिने लेकीला दार उघडलं नाही. बाराव्या वर्षी दार उघडायला ती राहिली नव्हती.

आता टीव्हीवर तोच सिनेमा चालू होता. शेवट जवळ आला तसा ऑपरेटर पाणी प्यायला उठला, बसला, परत उठला. “चहा करू का?” असंही त्याने विचारलं. या घरात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

नायिका बसथांब्यावर आली. चित्र किंचित हललं. लग्न. आई पहिल्या रांगेत, हसत.

ऑपरेटर आधी चकित झाला. मग त्याचा चेहरा पास झालेल्या पोरासारखा उजळला.

“बघ! एकेचाळीस वर्षं माझं डोकं खाल्लंस. आता तर कंपनीची प्रत आहे, धुऊन पुसून लख्ख केलेली. आहे कुठे सीन?”

बायकोने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे मलाच वेड लागलं होतं म्हणायचं.”

जिंकलेला माणूस उदार होतो. “छे, छे, मनात किंतु नको. कंपनीलाच विचारू.” त्याने सिनेमा तिथेच थांबवला, हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. निकाल तिच्याही कानावर पडलेला बरा.

पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. “बरोबर आहे सर, तिथे एक सीन कमी आहे. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह शिल्लक नाही. एकच प्रिंट मिळाली, एका बंद पडलेल्या थिएटरच्या गोदामात. आमच्याकडे माहितीच्या पानावर सगळं दिलंय. वाचून दाखवू?”

“नको,” ऑपरेटर म्हणाला.

“वाच गं बाळ,” बायको म्हणाली.

“‘दहाव्या रिळाच्या डब्यात त्या सीनचा तुकडा सापडला नाही. फक्त पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी सापडली. आईचा सीन काढला आहे. शुक्रवारी परत जोडणे. सही, ऑपरेटर.’”

टीव्हीवर नायिकेची आई अजून हसत होती.

“कुठल्या शुक्रवारी?” बायकोने विचारलं.

ऑपरेटरने फोनवर रिमोट रोखून आवाज कमी करायचं बटण दाबलं.

“मॅडम, आणखी काही मदत हवी आहे का?”

“नको गं. तुमची काही चूक नाही.” बायकोने फोन बंद केला. मग नवऱ्याकडे न बघताच हात पुढे केला.

“तो रिमोट द्या इकडे.”