खुर्चीकडे तोंड

वडील दवाखान्यात असताना थोरल्याने मोठ्या हौसेने त्यांची माशांची टाकी साफ केली. पाणी निरोगी ठेवणारे जंतू फिल्टरच्या स्पंजातच राहतात, हे त्याला कुठे ठाऊक होतं? त्याने स्पंज नळाखाली घासून लख्ख केला आणि आठवडाभरात सगळे मासे मेले. घरी आल्यावर वडील चकार शब्द बोलले नाहीत. टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी, आपल्या खुर्चीत, नुसते बसून राहिले. चांगल्या शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटे.

ते गेल्यावर त्याने टाकी पुन्हा लावली. वनस्पती रुजल्या, नवे मासे रुळले. पण खाणं कुठेही टाकलं तरी मासे आधी डाव्या कोपऱ्यात गोळा होत, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.

"अहो, ती खुर्ची तरी हलवा," बायको म्हणाली. "या माशांनी बाबांना पाहिलंसुद्धा नाही."

त्याचं मन धजावलं नाही.

रविवारी दुपारी त्याने टाकीतलंच पाणी बादलीत काढलं आणि स्पंज त्यात हलकेच पिळला. "बाबा, या खेपेला नळाखाली नाही हं धरला," तो पुटपुटला.

कोपऱ्यातले मासे हलले. पाय ओढत चालणाऱ्या माणसाच्या गतीने ते काचेकाचेने त्याच्याकडे येऊ लागले. मध्ये एकदा थांबले. वडील दम खायला थांबत, तसे. त्याच्या अगदी शेजारी येऊन थबकले.

मग सगळे एकदम वर आले, तोंडं उघडून.

पाण्यावर चिमूटभर खाणं पडलं. त्याचे दोन्ही हात अजून बादलीतच होते.