विमलाला बघायला

पोहे गिच्च झाले होते.

ऋतिकाने झाकण उचललं आणि चमच्याने पोहे उकरून पाहिले. देवरूखची मंडळी कोणत्याही क्षणी येणार होती. पुन्हा करावेत तर डब्यात पोहे शिल्लक नव्हते, आणि कडेवर ओवी किरकिरत होती. तिला दात येत होते.

"असू देत गो," विमला म्हणाली. "पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

"ते बघायलाच येतायत."

मागे राजापूरची मंडळी येऊन गेली होती. चहा प्यायली, गेली, पुन्हा फोन नाही. चहा गोड झाला म्हणूनच ते फिसकटलं, असं ऋतिकाने मनाशी धरून ठेवलं होतं. विमलाने तेव्हाच सांगून टाकलं होतं, पुढचं स्थळ शेवटचं; त्यानंतर कोणासमोर बसणार नाही. त्यात जहाजावरून दर्शनचा मेसेज: 'सगळं तुझ्यावर आहे.' नवऱ्याने सहज लिहिलं असेल. ऋतिकाने मात्र सकाळपासून पडदे बदलले, खिडकीचे गज पुसले, विमलाची मोरपिशी साडी इस्त्री करून पलंगावर अंथरली.

फोडणीचं भांडं धुवायला तिने ओवीला खाली ठेवलं. हळदीचा डबा खालीच राहिला होता. ओवीने दोन्ही हात आत घातले, रांगत पलंगापाशी गेली आणि साडीचा पदर मुठीत धरला.

"साडी!" ऋतिका किंचाळली.

"साडी काय बघतेस? पोर उभी राहिली बघ!"

खरंच. ओवी पहिल्यांदाच उभी होती. पाय लटपटत होते, तोंडभर हसू. ऋतिका खाली फतकल मारून बसली. आधी रडू आलं, मग हसू.

"दुसरी काढते," ती म्हणाली.

"नको. रोजच्याच साडीत बसते. उद्या तशीच तर दिसणार आहे त्यांना."

आलेली मंडळी म्हणजे दोघंच. 'मुलगा' गुरुप्रसाद, आणि त्याच्या घरातली समीक्षा. गुरुप्रसादने पोह्यांचा घास घेतला.

"पोहे जरा मऊ..." ऋतिकाने सुरुवात केली.

"छान आहेत की. चावायचे कष्ट वाचले."

विमलाला खुदकन हसू आलं.

"दोघांना बोलू द्या," समीक्षा म्हणाली. दोघं मागच्या पडवीत गेली. ओवी विमलाला सोडेना, म्हणून तीही गेली.

समीक्षा ऋतिकाकडे सरकली. "तुम्हालाही टेन्शन आलं होतं ना? मी तर येताना गाडीत त्यांना सारखं सांगत होते, हे बोलू नका, ते बोलू नका."

"मग?"

"ते झोपून गेले."

पडवीतून हसण्याचा आवाज आला. काय चाललंय ते ऐकायला ऋतिका उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली. स्वतःसाठी बशीभर पोहे वाढून घेतले. सकाळपासून तिच्या पोटात काहीच नव्हतं. गिच्च होते, पण चव बरी होती.

विमला दारात आली. कडेवर ओवी, साडीभर पिवळी बोटं उमटलेली.

"काय झालं?" ऋतिका घास तसाच ठेवून उठली.

"दर्शनला फोन लाव," विमला म्हणाली. "म्हणावं, तुझ्या आईचं लग्न ठरलं."