डकोटाचं घड्याळ

“विमानातल्या जुन्या घड्याळांना रेडियमचा रंग असतो गं, पोराला खेळायला देऊ नकोस,” शेजारच्या रोशेलनं विशाखाला बजावलं होतं. “अंधारात चमकत तर नाही! कसलं रेडियम?” म्हणत तिनं हसण्यावारी नेलं. नवऱ्याला ब्रिटिश विमान कंपन्यांचं वेड. कुठली कधी बुडाली, कुणाकडे कोणती विमानं होती, सगळं तोंडपाठ. इथं मस्कतमध्ये मत्रहच्या बाजारातून त्यानं त्यातल्याच एका कंपनीच्या डकोटा विमानाचं उंची दाखवणारं घड्याळ आणलं आणि त्यांचा पोरगा साई काटे फिरवत विमान उडवू लागला. आज काच फुटलेली दिसली, आकडे खरवडलेले, साईची बोटं तोंडात. “मम्मा, पावडर फिनिश!” दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “चमक जाते, रेडियम जात नाही, हाडांत बसतं.” नवऱ्यानं दुकानदाराला गाठलं, तेव्हा कळलं. तसलंच घड्याळ इथल्याच सोहार शहरातल्या एका मराठी माणसानं मुलीसाठी नेलंय. सोहारला तुमचं कुणी असेल, तर त्या मुलीला बघून यायला सांगा.