तीन बाहेर, दोन आत

पंप दुरुस्त करण्यात मिस्त्रींची उभी हयात गेली होती. त्यामुळे शरीराच्या पेशीपेशीत पंप असतात, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी अशी मान डोलावली, जणू ते त्यांनीच बसवून दिले होते.

"सोडियम तीन बाहेर, पोटॅशियम दोन आत. वजन आणि साखर वाढली की हा पंप थकतो," बाई म्हणाल्या. "सांभाळा त्याला."

तीन महिन्यांनी मिस्त्री पुन्हा काट्यावर उभे राहिले. वजन सहा किलोंनी वाढलेलं, साखर त्याच्याही पुढे, आणि तळपायांना मुंग्या.

"मी सांगितलेलं तुम्ही पाळलं नाहीत."

"तंतोतंत पाळलं," मिस्त्री दुखावल्या आवाजात म्हणाले. "तीन बाहेर, दोन आत."

बाईंनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं.

"तीनदा हॉटेलात खातात, दोनदा घरात," ती म्हणाली. "रोज."

मिस्त्रींनी रुमालाने मान पुसली. "मग आता पंप बदलून मिळेल का?"

बाईंच्या आधी बायकोच बोलली, "आपल्या दुकानात पाटी कुणी लावलीय? 'गिऱ्हाइकाच्या अतिशहाणपणामुळे जळालेला पंप बदलून मिळणार नाही.'"