खिडकीची भिंत

"त्या दगडाला हात लावायचा नाही," जिजीने गवंड्याला दम भरला.

गवंडी खिडकीबाहेर उभा होता. भिंतीलगतचा तो चपटा दगड सकाळपासून त्याच्या पायात येत होता. "अहो जिजी, पण त्याचं इथे काम काय?"

"तुझं तरी काय काम आहे? मघापासून उभाच आहेस."

बंद पडलेली शाळा सगळ्या आळीने अंगावर घेतली होती. कामापेक्षा बैठकाच जास्त झाल्या, पण एक ठरलं. मागच्या खोल्यांत वाचनालय आणि पाळणाघर करायचं. मोठा वर्ग मात्र पूर्वी होता तसाच उभा करायचा. कसा होता, ते तिथे शिकलेल्यांनीच सांगायचं. शिकलेले उरले होते दोघं, जिजी आणि रिटायर झालेला पोस्टमन.

जिजीची नात या सगळ्या कामाची पुढारी. "माझी आजी या शाळेतली पहिली मुलगी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दारावर तशी पाटीही लागणार होती. कोणी विषय काढला की जिजी पदर सारखा करायची आणि दुसरीकडे बघायची.

वर्गात ऊन तिरकं उतरलं होतं. चुन्याची धूळ त्यात सावकाश तरंगत होती. शेजारी कोणी निजलेलं असावं तसे सगळे हळू बोलत होते. नातीच्या लेकीला कडेवर घेऊन जिजी वर्गभर फिरत होती.

"फळा तिथे. मास्तरांची छत्री त्या खुंटीला. तिचा ओघळ पहिल्या बाकाखाली जायचा. आणि घड्याळ त्या दारावर. मेलं कायम मागे."

पोस्टमन मान डोलवत होता. "अगदी बरोबर. अगदी."

"आणि ही खिडकीची भिंत?" नातीने विचारलं.

"कोरी. नुसता चुना."

"छे हो जिजी!" पोस्टमन म्हणाला. "झाड होतं की. भिंतभर. फांद्यांवर पाखरं. मधे ढोली, आणि ढोलीत एक मुलगी. दोन वेण्या, कडेवर बाळ."

"तुला सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही."

"बालवर्गात होतो मी, पण ती मुलगी पक्की आठवते. रोज नसायची मात्र."

"चित्रातली मुलगी रजेवर जाते होय रे?"

सगळे हसले. पोस्टमनही ओशाळून हसला.

गवंडी आत आला आणि खरवडायला लागला. चुन्याचे पापुद्रे गळू लागले. खालून हिरवं काहीतरी डोकावलं. एक पान. मग पानंच पानं. ऊन कलायच्या आत झाड भिंतभर उभं राहिलं, पाखरांसकट. खोड जमिनीतून वर येत होतं, खिडकीपाशी फुगत होतं आणि दोन्ही बाजूंनी तिला कवेत घेत होतं.

जिजी तोंडावर हात ठेवून बघतच राहिली. तिच्या कडेवरचं बाळ पाखरांकडे हात करत होतं.

"जिजी, एवढं मोठं झाड विसरलीस?"

"वय झालंय त्यांचं," पोस्टमन समजुतीने म्हणाला.

"वय तुझं झालं असेल!"

पण आता पोस्टमनच्या शब्दाला वजन आलं होतं. झाड निघालं, म्हणजे मुलगीही असणार. ढोलीत मुलगी रंगवलेली होती, म्हणजे तिथे सलग भिंत असणार. खिडकी कोणीतरी नंतर फोडली. नातीने लगेच ठरवून टाकलं. खिडकी विटांनी बुजवायची, वर गिलावा करायचा आणि त्यावर मुलगी पुन्हा रंगवायची. चेहरा कसा होता ते पोस्टमन सांगेल.

"खिडकी पहिल्यापासून होती," जिजी म्हणाली.

"भिंत कोरी होती असंही तूच म्हणालीस."

"बुजवाल तर खबरदार!"

"हट्ट नको ना गं जिजी. आठवत नाही म्हणायला तुझं काय जातंय?"

काय जातंय ते जिजीला ठाऊक होतं. दाराशी पाटी कागदात गुंडाळून ठेवलेली होती. गवंड्याने भिजत घातलेली वीट उचलली. नात त्याला जागा दाखवत होती.

जिजीने एकदा नातीकडे पाहिलं. बाळाला कडेवर नीट सरकवलं आणि ती दाराबाहेर निघून गेली.

"रुसल्या," गवंडी म्हणाला.

बाहेर पाचोळा वाजला. कोणाचं तरी वजन पडून खिडकीखालचा चपटा दगड डुगडुगला आणि थांबला.

पोस्टमन बोलता बोलता अडखळला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बालवर्गातली मुलं बसतात तसा मांडी घालून तो खाली फरशीवरच बसला.

झाडाच्या ढोलीत, कडेवर बाळ घेऊन, मुलगी उभी होती.